गोल्फ स्विंगमधलं वेट ट्रान्सफर सारखं बिघडतंय? आधी दोष ओळखा, मग ड्रिल निवडा

सात नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी). एक चेंडू फॅट, मागची माती आधी उडाली. पुढचा टॉप होऊन, म्हणजे क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागून, चाळीस यार्ड घरंगळत गेला. तिसरा हाताला बरा वाटला, पण नेहमीपेक्षा वीस यार्ड कमी गेला आणि उजवीकडे वळला. फिनिशला, म्हणजे फटका संपताना, अंग उजव्या पायावर रेललेलं. असा खेळाडू दिसला की रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सगळे एकच सांगतात, ‘वजन पुढे घ्या.’ मग तो पुढच्या चेंडूला अख्खं अंग डावीकडे झोकून देतो, दोन-चार फटके छान बसतात आणि पुढच्या आठवड्यात दुखणं पुन्हा हजर.

दुखणं उलटतं, कारण वेट ट्रान्सफरचा (वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचा) दोष हा एकच दोष नाही. चार-पाच वेगवेगळे दोष आहेत आणि त्यातले काही एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. चेंडूचं जे होतं ते मात्र सगळ्यांत जवळपास सारखंच दिसतं. एका दोषाचं ड्रिल (ठरावीक सराव) दुसऱ्या दोषावर केलं तर तो दोष पक्का होतो. शिवाय बहुतेकांचं वजन पुढे कमी जातं असं नसतं, ते उशिरा जातं. हा फरक ध्यानात आला की अर्धं काम होतं.

(पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.)

वजन केव्हा, कुठे असायला हवं

सेटअपला, म्हणजे मारण्याआधी उभं राहताना, आयर्नसाठी दोन्ही पायांवर साधारण निम्मं-निम्मं. ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायच्या क्लबला) उजव्या पायावर थोडं जास्त, ५५ टक्क्यांपर्यंत. बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) सुरू झाला की दाब उजव्या पायाकडे सरकतो, टाच आणि तळव्याच्या आतल्या बाजूवर. डावा हात जमिनीला समांतर येईपर्यंत उजव्या पायावर साधारण ७० ते ७५ टक्के दाब येऊन गेलेला असतो. इथेच बहुतेकांची समजूत चुकते. त्यांना वाटतं, क्लब वर टोकाला पोचेपर्यंत वजन उजवीकडे साठवायचं आणि मग ते डावीकडे सोडायचं. चांगल्या स्विंगमध्ये क्लब अजून मागे जात असतानाच दाब डावीकडे परतायला लागलेला असतो. डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली आणताना) डावा हात पुन्हा समांतर येतो तेव्हा ७५ ते ८० टक्के दाब डाव्या पायावर असतो. फिनिशला जवळजवळ सगळाच.

डाउनस्विंगला पाव सेकंदच मिळतो. क्लब वर थांबल्यावर वजन हलवायला घेतलं, तर क्लब चेंडूपाशी पोचतो तेव्हा वजन अजून वाटेतच असतं.

पायाखालचा दाब आणि शरीराचं वजन यांतही घोळ करू नका. दाब खूप सरकतो, धड थोडंच सरकतं. घरी काट्याचे दोन जुने वजनकाटे असतील तर शेजारी ठेवून प्रत्येकावर एक पाय ठेवा. (डिजिटल काटे बहुधा आकडा धरून ठेवतात, त्यामुळे या कामाला चालत नाहीत.) कुणाला तरी काट्यांकडे लक्ष द्यायला सांगा आणि अंग झटकन डावीकडे न्या. अंग डावीकडे निघण्याआधी क्षणभर उजव्या काट्याची सुई वर उसळते, कारण डावीकडे जायचं तर आधी उजव्या पायाने जमीन रेटावी लागते. म्हणून उजवीकडचा दाब लवकर यायला हवा आणि लवकर संपायला हवा.

दोष कोणता ते ओळखणं

मोबाईल ट्रायपॉडवर हातांच्या उंचीला, चेंडूसमोर काटकोनात, तीन ते साडेतीन मीटरवर लावा. स्लो मोशन, शक्यतो सेकंदाला २४० फ्रेम. कॅमेरा जरा तिरपा असला तरी स्वे (कंबर वळण्याऐवजी बाजूला सरकणं) नसताना स्वे दिसतो, म्हणून एवढी काळजी घ्याच. सहा-सात फटके घ्या आणि प्रत्येकात तीन ठिकाणी थांबून पाहा.

बॅकस्विंगच्या टोकाला: उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवरून एक उभी रेघ मनात धरा. उजवं कंबरेचं हाड रेघेच्या बाहेर गेलं तर स्वे. छाती आणि डोकं डाव्या पायाकडे झुकलेलं असेल तर रिव्हर्स पिव्हट.

इम्पॅक्टला, म्हणजे क्लब चेंडूला लागतो त्या क्षणी: पट्ट्याचं बक्कल कुठे आहे? आयर्नला ते सेटअपच्या जागेपेक्षा काही इंच लक्ष्याकडे सरकलेलं आणि थोडं उघडलेलं हवं. बक्कल जागच्या जागी किंवा मागे असेल तर वजन मागे अडकलंय. डावं कंबरेचं हाड डाव्या बुटाच्याही बाहेर गेलं असेल तर उलट दोष आहे, तुम्ही घसरताय.

फिनिशला: तीन आकडे मोजेपर्यंत स्थिर राहा. मग उजवा पाय जमिनीवरून अलगद उचलून पाहा. तोल न जाता उचलता आला तर ठीक.

दुसरी चाचणी गवतावर. चुन्याने किंवा रंगाच्या स्प्रेने लक्ष्याच्या दिशेला काटकोनात सरळ रेघ मारा, रेघ स्टान्सच्या (दोन पावलांमधल्या जागेच्या) मध्यावर येईल असं उभं राहा आणि चेंडूशिवाय दहा स्विंग घ्या. प्रत्येक वेळी रेघेवरून थोडं पुढे सरका, म्हणजे दहा डिव्हॉट (क्लबने माती उडून पडलेले खड्डे) वेगवेगळे दिसतील. डिव्हॉट रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, सुरू झाला पाहिजे. चांगल्या खेळाडूच्या स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या तीन-चार इंच पुढे असतो. हौशी खेळाडूला इंच-दोन इंच पुढे मिळाला तरी पुष्कळ.

डिव्हॉट मागे पडतोय म्हणून लगेच वेट ट्रान्सफरला दोष देऊ नका. मनगटं लवकर सुटली तरी डिव्हॉट मागेच पडतो. इम्पॅक्टच्या फ्रेममध्ये बक्कल पुढे गेलेलं आहे, डावा पाय भक्कम आहे, पण क्लबची शाफ्ट (दांडी) मागे झुकलेली आहे आणि डावं मनगट हाताच्या पाठीच्या बाजूला मोडलंय, असं दिसलं तर गडबड हातांत आहे. पायांची ड्रिल्स करून ती जाणार नाही.

मॅटवर सराव करणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. क्लब दोन इंच आधी टेकला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. तोच फटका गवतावर पन्नास यार्ड जातो. मॅटवर असाल तर चेंडूच्या चार इंच मागे घडी घातलेला नॅपकिन ठेवा. नॅपकिन उडाला तर फटका फॅट, मग चेंडू कितीही छान जावो.

दोष १: रिव्हर्स पिव्हट

बॅकस्विंगला वजन डाव्या पायावर आणि डाउनस्विंगला उजव्या पायावर, म्हणजे सगळंच उलटं. फटका वर उडणारा, निर्जीव, उजवीकडे वळणारा. पाठीचा कणा वरच्या टोकाला लक्ष्याकडे वाकत असल्याने कंबरेच्या खालच्या भागावर ताण येतो. हा दोष असलेल्यांची पाठ पुष्कळदा दुखते.

याचं एक मोठं कारण म्हणजे ‘डोकं हलवू नका’ हा सल्ला. डोकं खिळ्याने ठोकल्यासारखं धरलं की खांदे वळायला जागाच उरत नाही. मग शरीर डावीकडे वाकून कशीबशी जागा करतं. बॅकस्विंगला डोकं इंच-दोन इंच उजवीकडे गेलं तर काहीही बिघडत नाही. दुसरं कारण, कंबर वळतच नाही आणि क्लब मात्र हातांनी आणखी मागे ओढला जातो.

उपाय: सेटअप घ्या आणि डाव्या पायाची टाच उचलून फक्त चवड्याचा टेकू ठेवा. आता बॅकस्विंग. वजन आपोआप उजव्या पायात राहतं आणि छातीचा मधला भाग उजव्या मांडीच्या आतल्या बाजूवर येतो. ती जाणीव दहा वेळा घेतली की दोन्ही पाय टेकवून तीच शोधा. उजव्या मागच्या खिशाला पाठीमागच्या भिंतीकडे न्यायचंय, असं मनात धरा. उजवा गुडघा थोडा सरळ झाला तर होऊ द्या, पूर्ण ताठ नको. आणि बॅकस्विंग पाऊण करा. जास्त मागे जाण्याच्या हट्टापायी हा दोष परत परत उगवतो.

दोष २: स्वे

इथे वजन उजवीकडे जातं, पण कंबर वळण्याऐवजी नुसती सरकते. दाब उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेवर येतो आणि तिथून वेळेत परतणं अशक्य होतं.

अलाइनमेंट स्टिक किंवा बंद छत्री उजव्या कंबरेच्या बाहेर, दोन बोटांच्या अंतरावर जमिनीत उभी खोचा. बॅकस्विंगला कंबर तिला लागता कामा नये, उलट कंबर वळल्यामुळे तिच्यापासून थोडी मागे सरकायला हवी. त्याच जोडीला उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेखाली गोल्फचा चेंडू किंवा नॅपकिनची घडी ठेवून अर्ध्या स्विंगचे फटके मारा. पाऊल आतल्या बाजूला कललं की वजन बाहेर पळत नाही.

स्टान्सही पाहा. आयर्नसाठी टाचांमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा फार जास्त असेल तर कंबर वळत नाही, सरकतेच. उजवं पाऊल चेंडूच्या रेषेला काटकोनात ठेवलं तर स्वे आवरायला मदत होते. मात्र कंबर आखडलेली असेल तर तेच पाऊल १५-२० अंश बाहेर उघडावं लागतं, नाहीतर वळायलाच येत नाही. आपण कोणत्या गटात बसतो हे पाहायला खुर्चीवर बसा, गुडघे जुळवून ठेवा आणि एक तळवा बाहेरच्या बाजूला न्या. नडगी ३० अंशही बाहेर जात नसेल तर त्या बाजूची कंबर आखडलेली आहे. दोन्ही बाजू तपासा.

दोष ३: वजन मागेच अडकणं

सगळ्यांत जास्त आढळणारा दोष हाच, म्हणून इथे सविस्तर.

मुळाशी चेंडू उचलायची इच्छा असते. समोर पाणी किंवा बंकर आला की ती दुप्पट होते. खेळाडू चेंडूखाली शिरून त्याला वर ढकलायला जातो, उजवा खांदा खाली पडतो, वजन मागे राहतं. सात नंबरच्या क्लबला साधारण २७ ते ३४ अंश लॉफ्ट (क्लबच्या मारायच्या बाजूचा मागचा कल) दिलेलाच असतो. चेंडू उडवायचं काम त्याचं आहे, तुमचं काम क्लब चेंडूवर उतरता नेणं एवढंच.

दुसरं कारण क्रमाचं. वरून सुरुवात हातांनी होते आणि पाय मागून येतात. इथे क्रिकेट खेळून आलेल्यांना एक गोष्ट आयती मिळालेली असते. फ्रंट फूटवर ड्राइव्ह मारताना पाऊल आधी पडतं आणि बॅट नंतर खाली येते. गोल्फला नेमका हाच क्रम हवा. फक्त क्रिकेटमध्ये डोकं पुढच्या पायावर, चेंडूवर नेतात, ते इथे आणू नका. चेंडू समोरून येत नाही, तो जमिनीवर पडलाय. डोकं पुढे नेलंत की दोष क्रमांक चार सुरू.

स्टेप ड्रिल असं करा:

आठ नंबरचा आयर्न घ्या. चेंडू सेंटीमीटरभर उंच टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर), डाव्या पावलाच्या नेहमीच्या जागेपासून थोडा आत. दोन्ही पावलं जुळवून उजव्या पावलाच्या जागी उभे राहा. बॅकस्विंग सुरू करा. डावा हात जमिनीला समांतर येत असताना, म्हणजे क्लब अजून मागे जात असतानाच, डावं पाऊल उचलून त्याच्या नेहमीच्या जागी ठेवा. पाऊल टेकलं की मारा. पाऊल टेकण्याआधी क्लब खाली यायला लागला तर तो फटका मोजू नका.

आधी चेंडूशिवाय दहा, मग निम्म्या ताकदीने चेंडूवर पंधरा. सुरुवातीला पाऊल आणि क्लब यांचा मेळ बसत नाही आणि चेंडू हुकतो, ते अपेक्षितच आहे. मेळ बसला की फटक्याचा आवाज बदलतो, माती उडण्याऐवजी आधी चेंडूचा टणक ठोका ऐकू येतो. त्यानंतर पावलं नेहमीच्या जागी ठेवून फक्त डावी टाच किंचित उचला आणि त्याच वेळी टेकवा. विख्यात गोल्फपटू जॅक निकलॉस बॅकस्विंगला डावी टाच चांगली वर उचलत आणि डाउनस्विंगची सुरुवात ती टाच जमिनीवर टेकवून होत असे. कंबर कमी वळणाऱ्यांना, वयाने पन्नाशी ओलांडलेल्यांना ही पद्धत कायमची ठेवायलाही हरकत नाही.

दुसरं ड्रिल म्हणजे बुटका फटका. सात नंबर, चेंडू स्टान्सच्या मध्यापासून एक चेंडू उजवीकडे, पाऊण स्विंग, फिनिशला हात छातीच्या उंचीला थांबवायचे आणि चेंडू माणसाच्या उंचीपेक्षा फार वर जाऊ द्यायचा नाही. मागच्या पायावर राहून असा बुटका फटका सातत्याने मारताच येत नाही. वीस-पंचवीस मारले की शरीराला पुढे जाण्याची सवय लागते.

फटक्यानंतर उजवा पाय लक्ष्याकडे टाकत चालू पडणं हेही चांगलं ड्रिल आहे. दुसरे दिग्गज गोल्फपटू गॅरी प्लेअर स्पर्धांमध्येही असे फटके मारून पुढे चालत जात.

दोष ४: पुढे घसरणं

तिसऱ्या दोषाचा उपाय अती झाला की हा येतो. कंबर आणि डोकं दोन्ही लक्ष्याकडे सरकतात, डावा पाय वाकलेलाच राहतो आणि क्लब मागे पडतो. फटके बुटके, उजवीकडे ढकललेले, आणि हातांनी सावरायला गेलात तर डावीकडे ओढलेले.

स्टिक आता डाव्या कंबरेच्या बाहेर, चार बोटांवर. डाउनस्विंगच्या सुरुवातीला कंबर स्टिककडे थोडी सरकेल, पण लगेच डावा खिसा मागे वळायला हवा. तेव्हाच डावा पाय सरळ होत जमीन खाली दाबतो. दाब डावीकडे आला की पुढचं काम वर ताठ होण्याचं आणि वळण्याचं असतं, आणखी पुढे सरकण्याचं नसतं. पावलं जुळवून अर्ध्या स्विंगचे फटके मारले तर घसरणारा लगेच तोल जाऊन पुढे पडतो. त्याच्यासाठी हे ड्रिल फार गुणाचं आहे.

चवड्यांवर जाणं

डावी-उजवीकडचं सगळं ठीक असून चेंडू क्लबच्या टाचेवर (दांडीजवळच्या भागावर) बसतोय किंवा शँक होतोय, म्हणजे दांडीच्या जोडावर लागून भरकटतोय? मग दाब पुढे, चवड्यांकडे जातोय. भिंतीला पाठ करून, पार्श्वभाग भिंतीला जेमतेम टेकेल असे उभे राहा. क्लबशिवाय हात छातीवर दुमडून स्विंग करा: बॅकस्विंगला उजवी बाजू भिंतीला, डाउनस्विंगला डावी बाजू भिंतीला. भिंत सुटली की तिथे दोष. चेंडूपासून फार दूर उभं राहणं आणि उंचीच्या मानाने लांब क्लब याही गोष्टी तपासा.

ड्रायव्हर

ड्रायव्हरला चेंडू वर चढत्या क्लबने मारायचा असतो, म्हणून डोकं चेंडूच्या मागे हवं. याचा अर्थ वजनही मागे हवं असा काढू नका. दाब डाव्या पायावर आणि डोकं मागे, दोन्ही एकत्र जमतं. सेटअपलाच उजवा खांदा थोडा खाली ठेवा, चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत. ९ अंशांचा ड्रायव्हर आणि मध्यम वेगाचा स्विंग असेल तर चेंडू उठत नाही आणि खेळाडू नकळत मागे झुकू लागतो. अशा वेळी १०.५ किंवा १२ अंशांच्या ड्रायव्हरने दोष एका दिवसात कमी होऊ शकतो. आधी एखाद्याचा उसना घेऊन मारून पाहा.

जमीन आणि बूट

पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर (आखूड गवताच्या पट्ट्यावर) उजवा पाय घसरायची भीती वाटली की शरीर रेटा देतच नाही. झिजलेले सॉफ्ट स्पाइक (बुटाच्या तळाचे प्लास्टिकचे खिळे) बदला, निदान उजव्या बुटाच्या आतल्या बाजूचे तरी. याच दिवसांत फॅट फटका मातीत रुततो, त्यामुळे दोष स्पष्ट कळतो. एप्रिल-मेच्या कडक जमिनीवर उलट होतं. क्लब मागे टेकून उसळतो आणि चेंडू थिन होतो, म्हणजे क्लबची खालची कड चेंडूच्या मध्यावर लागते. फटका थिन दिसतो, पण मूळ दोष तोच, वजन मागे.

चढावर उभं राहून मारताना वजन मागे राहणं हा उताराचा परिणाम आहे. तिथे खांदे उताराला समांतर ठेवा, एक क्लब जास्त (लांब पल्ल्याचा) घ्या, थोडं उजवीकडे लक्ष्य धरा. चढावरचे फटके पाहून स्विंग बदलू नका.

सरावाची वाटणी कशी करावी

एका वेळी एकच दोष. पंधरा-वीस मिनिटं ड्रिल, मग दहा साधे फटके, शेवटी पाच फटक्यांचा व्हिडिओ. पहिले काही दिवस चेंडू थिन किंवा डावीकडे जातील, कारण स्विंगचा खालचा बिंदू पुढे सरकलेला असतो आणि हातांना अजून जुन्या जागेची सवय असते. आयर्नला चेंडू अर्धा चेंडूभर पुढे ठेवून पाहा. ड्रायव्हर शेवटच्या दहा चेंडूंसाठीच. गुडघा किंवा पाठ दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, ड्रिल नंतर.

राउंडच्या मधेच दोष उफाळला तर कोर्सवर दुरुस्ती करत बसू नका. एक क्लब जास्त, पाऊण बॅकस्विंग, चेंडू अर्धा चेंडूभर मागे आणि फिनिशला तीन आकडे थांबणं, एवढ्यावर उरलेले होल खेळा. टीवर ड्रायव्हरऐवजी पाच वूड किंवा हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, जास्त लॉफ्टचे क्लब) घ्या. ड्रिल दुसऱ्या दिवशी, रेंजवर, व्हिडिओ पाहून.